रेडिओचा कान

गाणं लागलेलं असतं एका खोलीत आणि ते ऐकण्याची खरी गरज असते दुसऱ्या खोलीतल्या माणसाला, हा मानवी संस्कृतीतला फार जुना घोटाळा आहे. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पेपर तोंडावर धरून बसलेल्या गृहस्थाला गाणं नसलं तरी चालतं. त्याला पेपर आहे, पेपराआड झोप आहे. गाणं हवं असतं ते आत पोळ्या लाटणाऱ्या बाईला. पण ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर, स्टिरिओ ही सगळी मंडळी घरात आली की जावयासारखी बाहेरच्या खोलीत बसतात. आत जातो तो त्यांचा आवाज, तोही भिंतीला आपटून अर्धामुर्धा झालेला. मग घरातला कुणीतरी उद्योगी पुरुष उठतो आणि म्हणतो, "आपण आत एक स्पीकर काढू." यातला 'काढू' हा शब्द लक्षात घ्या. अंगणात नळ काढावा तसा स्पीकर काढायचा असतो.

गेली काही वर्षं मी या काढण्याचा इतिहास गोळा करतो आहे. आमच्या पुण्यात इतिहास म्हटलं की माणसं सावध होतात, कारण कुणाच्या तरी पणजोबांविषयी काहीतरी निघतंच. म्हणून मी सुरुवात रोमपासून करतो. तिथल्यांचे नातेवाईक आमच्या पेठेत नाहीत.

सतराव्या शतकात रोमच्या जेझुइट कॉलेजात अथानासिउस किर्शर नावाचे एक जर्मन पाद्री राहत. या गृहस्थांना येत नाही असा विषय नव्हता. लोहचुंबकावर त्यांनी लिहिलं, ज्वालामुखी आतून कसा दिसतो हे बघायला ते व्हेसुव्हियसच्या तोंडात उतरले, आणि इजिप्तची चित्रलिपी त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने वाचून दाखवली. ती सगळी चुकीची वाचली होती हे पुढे कळलं, पण तोवर ते सुखाने वारले होते. तर या किर्शरसाहेबांनी 1650 साली संगीतावर एक भलाथोरला ग्रंथ काढला आणि 1673 साली नुसत्या आवाजावर आणखी एक. त्यांत चित्रं आहेत. एका वाड्याच्या भिंतीत शंखासारखी पिळदार, अवाढव्य नळी बसवली आहे. तिचं रुंद तोंड चौकाकडे, अरुंद टोक आतल्या दालनातल्या पुतळ्याच्या तोंडात. चौकात माणसं बोलतील ते आत पुतळा बोलणार! ही झाली चित्रातली गोष्ट. पण खुद्द स्वतःच्या खोलीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत त्यांनी खरोखरच एक नळी नेली होती. कुणी भेटायला आलं की फाटकावरचा माणूस नळीत तोंड घालून वर हाक मारायचा.

माझ्या मते दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरचे मूळपुरुष हे. पण त्यांच्या चित्रात मला एक गोष्ट खटकते. चौकात बोलणाऱ्याला आपलं बोलणं आत जातंय याचा पत्ताच नाही. ऐकणारा आत बसलाय, दरवाजा लावून. म्हणजे वायर निघाली, पण तिचं कुठलं टोक कुणाच्या हातात आहे हा प्रश्नही तिच्याबरोबरच निघाला.

शनिवारवाड्यात हा प्रश्न नव्हता. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना वाजला की तो वाड्यातल्यांनी ऐकायचा, बाहेरच्यांनी ऐकायचा, आणि आवाज कमी करा म्हणून अर्ज करायची सोय नव्हती. पेशवाई गेली याची कारणं पुष्कळ देतात. पुणेकरांना तक्रार करायला जागा नव्हती हे त्यांत कुणी धरत नाही.

खरी मौज केली ती लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन या मुलाने. मुलगाच म्हणायचा, कारण 1821 साली तो एकोणीस वर्षांचा होता. ज्याच्या नावाचा 'ब्रिज' शाळा-कॉलेजात आपल्या मानेवर बसतो तोच हा. (तो ब्रिज मुळात त्याचा नव्हेच, क्रिस्टी नावाच्या दुसऱ्याच माणसाने तो 1833 साली मांडला होता, आणि व्हीटस्टनने तसं सांगितलंही होतं. पण नाव व्हायचं त्याचंच होतं.) त्याच्या घरचा वाद्यांचा धंदा. त्याने काय केलं, तर दालनात छतापासून एका तारेवर एक सुंदर लायर टांगलं. लायर म्हणजे ग्रीक देवदेवतांच्या हातात असतं ते तंतुवाद्य. भोवती माणसं जमली. कुणीही हात लावलेला नाही, आणि लायर वाजतंय! कधी पियानोसारखं, कधी हार्पसारखं. लोकांनी वाकून बघितलं, कान लावले, खाली-वर हात फिरवले. खरा वादक बसला होता वरच्या मजल्यावरच्या खोलीत. त्याच्या वाद्याची थरथर त्या तारेतून छत ओलांडून खाली उतरत होती आणि लायरच्या पोकळ अंगात पुन्हा मोठी होत होती. विजेचा संबंध नाही, नुसती घन पदार्थातून जाणारी थरथर. लहानपणी आपण काड्यापेट्यांना दोरा बांधून टेलिफोन करायचो, त्याचीच ही श्रीमंत आवृत्ती.

आता वीज येते. 1881 साली पॅरिसला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचावर, पुढच्या दिव्यांच्या ओळीत टेलिफोनचे ट्रान्समीटर बसवले आणि तारा काढल्या थेट प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत, दोन किलोमीटरच्या वर. तारा गेल्या गटारांतून. उच्च कला आणि गटार यांचा इतका उपयुक्त संबंध पुन्हा आला नसेल. प्रदर्शनात लोक रांगा लावून उभे राहायचे आणि दोन कानांना दोन चकत्या लावून ऑपेरा ऐकायचे. दोन कानांना वेगवेगळ्या जागचे ट्रान्समीटर जोडलेले असल्यामुळे गायिका डावीकडून उजवीकडे चालत गेलेली कानाला कळायची. म्हणजे स्टिरिओ! तो लोकांच्या हाती पडायला अजून पाऊणशे वर्षं होती. ब्रिटनमध्ये ॲलन ब्लमलाइनने स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला तोही 1931च्या डिसेंबरात.

1884 साली पोर्तुगालचा राजा लुईस आणि राणी यांना नव्या ऑपेराला जायचं होतं, पण नात्यातली एक राजकन्या वारली होती. सुतक. राजाने करायचं काय? टेलिफोनच्या तारा राजवाड्यात काढल्या आणि सुतकात घरबसल्या ऑपेरा ऐकला. आपल्याकडे 'ऐकलेलं चालतं, बघितलेलं चालत नाही' असा निर्णय द्यायला शास्त्रीबुवा लागले असते. त्यांच्याकडे टेलिफोन कंपनीच्या माणसाने दिला, आणि वर राजाने त्याचा सन्मान केला.

पॅरिसमध्ये 1890 साली याच गोष्टीची रीतसर कंपनी झाली. वर्गणी भरायची, घरी चकत्या मिळायच्या. मार्सेल प्रूस्त हे तिचे वर्गणीदार. दम्याचा त्रास, भिंतींना बुचाचं अस्तर लावलेलं, खिडक्या बंद. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून एवढा खटाटोप करणाऱ्या या लेखकाने 1911 साली बाहेरचा आवाज आत यावा म्हणून वर्गणी भरली आणि अंथरुणात पडून वॅग्नर आणि देब्युसी यांचे ऑपेरे ऐकले. यात विसंगती काही नाही. येणारा आवाज आपण बोलावलेला असला की तो संगीत, नसला की कटकट. व्याख्या इतकी सोपी आहे.

पण या सगळ्या चकत्या कानाला लावायच्या. हातात लाटणं आणि कानाला चकती हे जमत नाही. आवाज खोलीभर सुटायला हवा. आधी कर्णे होते, पण त्यांतून माणूस बोलला तरी नाकातून बोलल्यासारखा वाटायचा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या जोडीने 1925 साली जो स्पीकर मांडला त्याने हे नाक मोकळं केलं. एक लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचं हलतं वेटोळं, आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. बस. गाण्याचा प्रवाह वेटोळ्यातून गेला की ते पुढेमागे हलतं, कागद हवेला ढकलतो. आजसुद्धा, पाच हजारांचा घ्या की पाच लाखांचा, बहुतेक स्पीकर उघडलात तर आत हेच निघेल. कागदाऐवजी कधी प्लास्टिक, एवढंच.

त्याच 1925च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या हाइथ या गावी मेटन नावाच्या विजेच्या दुकानदाराने एक साधी गोष्ट केली. आपल्या एका रेडिओला वायरी जोडल्या आणि गावातल्या दुसऱ्या घरांत स्पीकर काढून दिले. घरोघरी रेडिओ घ्यायला नको, एरियल नको, बिघाडाची भानगड नको. भिंतीवर नुसता स्पीकर, दर आठवड्याला थोडी वर्गणी. कल्पना इतकी पसरली की दहा वर्षांत ब्रिटनमध्ये असे दोन लाखांवर वर्गणीदार झाले. फक्त एक होतं. कुठलं स्टेशन लावायचं ते मेटनसाहेब ठरवणार.

मराठीत आपण रेडिओच्या गोल बटणाला कान म्हणतो. 'कान पिळ जरा त्याचा' म्हणजे स्टेशन बदल. माझ्या या सगळ्या इतिहासाचा सांधा मला या शब्दात सापडला. आवाज दुसऱ्या खोलीत नेता येतो, दुसऱ्या घरात नेता येतो, गावभर नेता येतो. कान मात्र एकाच जागी राहतो.

हे मोठ्या प्रमाणावर बघायचं तर रशियात. सोव्हिएत काळाच्या पूर्वार्धात तिथे शहरोशहरी घराघरांत वायरीचा स्पीकर असे. कार्यक्रम एकच. आवाज लहानमोठा करता यायचा, स्टेशन बदलायचा प्रश्न नव्हता, कारण बदलायला दुसरं नव्हतंच. 1941च्या जूनमध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा सरकारने लोकांचे खासगी रेडिओ जमा करून घेतले. भिंतीवरचा स्पीकर तेवढा राहिला. मग 8 सप्टेंबरला लेनिनग्राडला वेढा पडला तो पुढे 1944च्या 27 जानेवारीपर्यंत. भूक, थंडी, बॉम्ब. कार्यक्रम नसायचा तेव्हा त्या स्पीकरवरून मेट्रोनोम सोडून देत. टिक... टिक... संथ असला की सध्या भय नाही. जलद झाला की विमानं आली, खाली पळा. रात्री अंधारात, उपाशी माणसं तो टिकटिकाट ऐकत पडत. तो चालू आहे म्हणजे शहर अजून जिवंत आहे. 1942च्या 9 ऑगस्टला एलियासबर्ग यांच्या अर्धपोटी वाद्यवृंदाने शोस्ताकोविच यांची सातवी सिंफनी वाजवली, ती याच स्पीकरांवरून शहराने ऐकली आणि भोंगे लावून वेढा घालणाऱ्यांनाही ऐकवली. ज्या वायरीने माणसाची निवड काढून घेतली होती त्याच वायरीने त्याला धरूनही ठेवलं. या एका ठिकाणी मला विनोद सुचत नाही.

आमच्या घरची वायर त्या मानाने अगदीच आखूड, सोळा फूट. पण जात तीच.

आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, रेडिओ घेतला 1954 साली. पुण्याला आकाशवाणीचं केंद्र आदल्या वर्षी 2 ऑक्टोबरला सुरू झालं होतं, आणि आपल्या गावाचं केंद्र असून आपल्याकडे रेडिओ नाही हे त्यांना बरं दिसेना. पोस्टातून लायसन काढलं, तांब्याच्या जाळीची एरियल गॅलरीत ताणली, आणि रेडिओ बाहेरच्या खोलीत उंच फळीवर बसला. त्यावर आत्याने विणलेला रुमाल. त्याला हात लावायचा अधिकार फक्त अण्णांना.

पुढच्या रामनवमीला, 1 एप्रिल 1955ला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांची गीतं, फडक्यांचं संगीत, छप्पन्न गाणी, वर्षभर चाललं. आमच्याकडे वाड्यातले सगळे पुरुष बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, बायका माजघराच्या दारात दाटीने उभ्या, आणि आजी सोवळ्यात असल्यामुळे त्यांच्याही मागे, चुलीपाशी. आजीला ऐकू यायचं ते फक्त पुढच्या बायकांचं "गप बसा गं". दोन आठवडे तिने सोसलं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "राम तुमच्याकडे येतो आणि मी इथे धुरात?"

अण्णांनी बुधवारातून एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ आणले. त्यांनी रेडिओ फिरवून पाठीमागची दोन भोकं दाखवली. जादा स्पीकर जोडायची सोय कंपनीने आधीच करून ठेवलेली होती. म्हणजे परदेशात बसलेल्या कुणाला तरी आमच्या आजीची कल्पना होती. सहा इंची स्पीकर आला. चहाच्या खोक्याच्या फळ्यांचा डबा गल्लीतल्या सुताराने ठोकला. पुढे लावायला पातळ कापड हवं म्हणून आईने एक जुना खण फाडून दिला. भिंत दीड हात जाड, तिला भोक पाडायची कुणाची छाती नव्हती, म्हणून वायर झरोक्यातून गेली.

मग आजीने प्रश्न काढला. रेडिओला सगळे शिवतात, रेडिओला वायर, वायरीला डबा. सोवळ्याचं काय? अण्णांनी स्पीकर उघडून दाखवला. हे लोखंड, ही तांब्याची तार, हा कागद. चामडं कुठेही नाही. आजीने पुष्कळ विचार केला आणि निकाल दिला, "आवाजाला विटाळ नाही. पण डबा वर फडताळात ठेवा, हाताला लागेल असा नको." पोर्तुगालच्या राजापेक्षा हा निर्णय मला अधिक विचारी वाटतो.

त्या गृहस्थांनी जाताना विचारलं होतं, "आत आवाज कमीजास्त करायला बटण लावू का? दोन रुपये जास्त होतील." अण्णा म्हणाले, "कशाला? बाहेरून करता येतो की." प्रश्न दोन रुपयांचा नव्हता. तो त्यांना कळलाच नव्हता, कारण ते बटणाच्या बाजूला होते.

आणि मग आत सगळंच येऊ लागलं. गीतरामायण आलं तेव्हा आई फोडणी थांबवायची. गाणं संपेपर्यंत तेल तापत नाही की मोहरी पडत नाही. पण गाण्यानंतर अण्णा दिल्लीच्या बातम्या लावायचे, त्या आत. बाजारभाव, ते आत. गुळाचा भाव कळून आईला काय करायचं होतं? गूळ अण्णाच आणत. रविवारी एखादे बुवा विलंबित ख्याल घेऊन बसले की अण्णा डोळे मिटायचे आणि आतमध्ये फडताळातून सव्वा तास आलाप गळत राहायचे. आईला 'वनिता मंडळ' आवडायचं आणि 'आपली आवड'. ती लागायची तेव्हा लागायची. पहिल्यापहिल्यांदा ती आम्हा मुलांबरोबर निरोप पाठवायची, "अण्णांना म्हणावं, दुसरं काही आहे का बघा." अण्णा म्हणायचे, "सांग, हे चांगलं आहे."

एके दिवशी बाजारभाव सुरू झाले आणि आईने खलबत्ता काढला. सुंठ कुटायला घेतली. लोखंडी खलबत्ता, दगडी फरशी. ठण् ठण् ठण्. बाहेर भुईमुगाचा भाव कुणाला ऐकू येईना. अण्णांनी आवाज वाढवला. तो आतही वाढला. कुटणंही वाढलं. शेवटी अण्णांनी रेडिओचा कान पिळला, कुठेतरी गाणं लागलं, आणि खलबत्ता थांबला. कुणी काही बोललं नाही. पुढची बारा वर्षं आमच्या घरात हीच पद्धत. दोन ठोके म्हणजे बदला. सलग कुटणं म्हणजे बंद करा. शांतता म्हणजे असू द्या. वायरीतून आवाज आत यायचा आणि उत्तर भिंतीतून बाहेर जायचं. आमच्याकडे सुंठेची पूड इतकी साठली की शेजारी बाळंतपण निघालं की बिनदिक्कत वाटी घेऊन येत. अण्णा एकदाच म्हणाले, "या घरात सर्दी फार आहे का?"

1967च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे, नागपूरला विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि पुढच्या वर्षी माझ्या थोरल्या भावाने पहिल्या पगारातून आईला ट्रान्झिस्टर आणला. चामड्याच्या पाकिटातला. आजी तेव्हा नव्हती, नाहीतर पुन्हा खंडपीठ बसलं असतं. आईने तो ओट्यावर ठेवला आणि पहिली गोष्ट काय केली असेल? गाणं लावलं नाही. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवला. मधली सगळी खरखर, शिट्ट्या, कुठली कुठली भाषा, सगळं ऐकलं. मग बंद केला. मग पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. भाऊ म्हणाला, "अगं, बिघडला नाहीये तो." ती म्हणाली, "माहीत आहे."

फडताळातला डबा अजून चालूच होता. म्हणजे आत आता दोन आवाज. आईने एका दुपारी स्टुलावर चढून डब्याच्या मागची एक वायर काढून ठेवली. एकच. दुसरी तशीच, म्हणजे बघणाऱ्याला डबा जोडलेलाच दिसावा. एक भागीदार कमी झाल्यामुळे बाहेरच्या रेडिओचा आवाज किंचित वाढला, तेव्हा अण्णांना वाटलं रेडिओ सुधारला. त्यांना खरा प्रकार कळायला अकरा दिवस लागले. भर बाजारभावात खलबत्ता वाजेना, म्हणून ते उठून आत आले. फडताळाकडे बघितलं, ट्रान्झिस्टरकडे बघितलं, पाणी प्यायले, आणि परत जाऊन बसले. त्यानंतर काही दिवस ते बाजारभाव फार हळू आवाजात ऐकत.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण त्यात माणसं कमी आणि ओहम जास्त आहेत. 1980च्या सुमाराला मध्यमवर्गात स्टिरिओ शिरला आणि ॲम्प्लिफायरवर ए आणि बी अशी दोन जोड्यांची बटणं आली. दुसरी जोडी आतल्या खोलीसाठी. दुकानदार 'आठ ओहम' म्हणून गंभीर चेहरा करायचे. हे ओहम म्हणजे अडवणूक. वाड्यातल्या हौदाला एक नळ असला की पाणी बेताने जातं. दुसरा उघडला की जास्त, चार उघडले की हौद रिकामा. तसे आठ ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले की अडवणूक चारावर येते, चार जोडले की दोनावर, आणि ॲम्प्लिफायर एवढा प्रवाह पुरवता पुरवता तापून बसतो. स्पीकर वाढले की त्याचं ओझं कमी होतं असं लोकांना वाटतं. संयुक्त कुटुंबाविषयीही असंच वाटतं. वायरीचं म्हणाल तर एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याची, दहा मीटरवरच्या खोलीपर्यंत, जाण्यायेण्याची मिळून अडवणूक साधारण एक तृतीयांश ओहम. ती चालते. घंटीची बारीक वायर वापरली तर गाणं वाटेतच निम्मं दमतं.

माझ्या एका स्नेह्यांनी तर जोडी विकत न घेता डावा स्पीकर दिवाणखान्यात आणि उजवा झोपायच्या खोलीत ठेवला. सुरुवातीच्या बऱ्याच स्टिरिओ रेकॉर्डींत गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असत. परिणामी दिवाणखान्यात पाहुण्यांना नुसता ठेका ऐकू यायचा आणि गाणारी माणसं सगळी झोपायच्या खोलीत. ते म्हणायचे, "दोन्ही खोल्यांत गाणं आहे की!" त्यांच्या पत्नीचं मत मी विचारलं नाही.

आता वायर गेली. अमेरिकेतल्या सोनोस कंपनीने 2005 साली खोलीखोलीत बिनवायरीचे स्पीकर विकायला सुरुवात केली. त्यात खरी करामत आवाज पोचवण्याची नाही, सगळ्यांना एका वेळी बोलायला लावण्याची. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या खोलीतून यायला त्याला सेकंदाचा तेहतिसावा-चौतिसावा भाग लागतो, आणि एवढा उशीर कान मोठ्या मनाने पोटात घालतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 साली हेच मोजलं होतं. उशीर त्याच्या दीडदुप्पट झाला की प्रतिध्वनी. ब्लूटूथचा स्पीकर पुष्कळदा याहून उशीर करतो. तेव्हा सगळ्या खोल्यांतले स्पीकर सतत एकमेकांशी घड्याळं जुळवत बसतात.

आमच्या घरात कुणी जुळवत नाही. माझ्याकडे मुलाने दिलेला स्पीकर आहे, त्यावर मी मोबाइलमधून विविधभारती लावतो. बायकोने आत ओट्यावर साधा एफएम रेडिओ ठेवलाय. केंद्र एकच, गाणं एकच, पण माझं गाणं इंटरनेटवरून सगळ्या जगाला वळसा घालून येतं आणि तिच्यापेक्षा अर्धा मिनिट उशिरा पोचतं. निवेदक चित्रपटाचं नाव सांगतो, मी डोळे मिटून गायिका ओळखायला बसतो, आणि माझ्याकडे सुरुवातीची सतार संपायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज येतो, "आशाबाई आहेत हो!"